कचरा, खत आणि गायरानाची माती

आमच्या कड्याकडची गायराने मुरमाड. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या सत्याग्रहाने भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागितली, ती अशीच. या मातीत पाणी ठरत नाही. तिला सेंद्रिय कर्ब हवा, आणि तो बाजाराच्या कचऱ्यात पडून आहे.

ओला कचरा, पालापाचोळा, शेण थराथराने रचून ओल व हवा राखली की सूक्ष्म जीव ते कुजवतात. ढीग 60 अंशांपर्यंत तापतो. अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत 1931 मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे आली. उकिरडा आपल्या आयाबायांना त्याआधीच ठाऊक होता, ही गोष्ट वेगळी! कच्चे खत मात्र मातीतलाच नत्र ओढते, पीक पिवळे पडते. मुरलेल्या खतात नत्राच्या 20 पटींहून कमी कर्ब असावा. त्याने माती रवाळ होते, ओल टिकते. पण कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे मिसळले तर शिसे मातीत उतरते. ते कुजत नाही.

म्हणून कचरा घरातच वेगळा व्हावा. 2016 च्या नियमांनी तसे बंधन घातले. तरी ढिगात हात घालणारी बाई कोणत्या वस्तीतली, हे विचारावे लागत नाही. खताची गाडी मात्र बागायतदाराच्या मळ्यात रिकामी होते. निवडणारीला रास्त मजुरी आणि पहिली गाडी गायरानावर, एवढे तरी गावच्या सभेत आपण मागितले पाहिजे.