जुन्या पर्जन्य नोंदी : कोरडवाहू शेतीचा मोलाचा ठेवा



"पूर्वी पाऊस असा नव्हता," हे वाक्य दर हंगामात ऐकू येते. परंतु पूर्वी म्हणजे केव्हा आणि पाऊस किती मिलिमीटरने बदलला, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. माणसाला मोठा दुष्काळ आणि मोठा पूर लक्षात राहतो. मधली वर्षे विसरली जातात. पाऊसमान खरोखर बदलले किंवा कसे, हे ठरविण्यासाठी अनेक दशकांच्या मोजलेल्या नोंदी लागतात. अशा बऱ्याच नोंदी जुन्या कागदांवर पडून आहेत. त्या शोधून, तपासून संगणकात उतरविण्याचे काम जगभर चालू आहे. या कामाचा आपल्या शेतीशी कसा संबंध येतो, ते पाहू.

सर्वांत वाईट वर्ष कोणते?

महाराष्ट्रात दुष्काळ म्हटला की १९७२ साल आठवते. भारताच्या जून ते सप्टेंबर या काळातील पावसाची मालिका मात्र १८७१ पासून तयार केलेली आहे. तीमध्ये १८७७ आणि १८९९ या वर्षांची तूट १९७२ पेक्षाही अधिक दिसते. म्हणजे आपल्या आठवणीतील सर्वांत वाईट वर्ष हे प्रत्यक्षातील सर्वांत वाईट वर्ष नव्हते. चारा, पिण्याचे पाणी व बियाण्याची तरतूद केवळ आठवणीवर केली, तर धोका कमी धरला जातो.

ब्रिटनमध्येही असेच झाले. तेथे १८८७ हे सर्वांत कोरडे वर्ष समजले जाई. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात रेडिंग विद्यापीठाच्या उपक्रमात सुमारे १६,००० स्वयंसेवकांनी ६५,००० हून अधिक हस्तलिखित तक्ते वाचले आणि त्यांतील ५२ लाखांवर नोंदी संगणकात उतरविल्या. हे काम १६ दिवसांत झाले. त्यामुळे त्या देशाची मासिक पावसाची मालिका १८६२ ऐवजी १८३६ पर्यंत मागे नेता आली आणि १८५५ हे साल १८८७ पेक्षा कोरडे होते, असे आढळले.

आपल्याकडील नोंदी

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची, तर भारतीय हवामान खाते १८७५ चे. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी देशोदेशीच्या जुन्या नोंदी जुळवून हिंदी महासागर व प्रशांत महासागर यांवरील हवेच्या दाबातील परस्परसंबंध शोधला. आज आपण मान्सूनच्या अंदाजात ज्या एल निनोचा उल्लेख ऐकतो, त्याच्याशी हा संबंध जोडलेला आहे. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ पासूनच्या दैनिक पावसाचा संच तयार केला आहे.

पर्जन्यमापके तुरळक होती, त्या काळासाठी लेखी वर्णने उपयोगी पडतात. ईस्ट इंडिया कंपनीची कागदपत्रे, वर्तमानपत्रे व खाजगी रोजनिशा यांवरून पश्चिम भारतातील १७८१ ते १८६० या काळाच्या पावसाचा अंदाज अभ्यासकांनी बांधला आहे.

आकडे उतरविताना घ्यावयाची काळजी

१) जुने आकडे इंचात असतात. १ इंच म्हणजे २५.४ मि.मी. जुन्या वहीत ३.२५ लिहिले असल्यास तो पाऊस ८२.५५ मि.मी. होय, सव्वातीन मि.मी. नव्हे.

२) कोरी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे. त्या दिवशी मोजणीच झाली नसेल. दोन्ही बाबी वेगळ्या लिहाव्यात.

३) पर्जन्यमापकाची जागा बदलली असल्यास ते नमूद करावे. शेजारी झाड वाढले किंवा इमारत झाली, तरी पाऊस कमी मोजला जातो.

४) रोजनिशीत तिथी असल्यास त्या वर्षीच्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढावी. तिथी व तारखेचा मेळ दरवर्षी बदलतो.

५) शंका आल्यास आकडा मनाने दुरुस्त करू नये. जवळच्या केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहावा.

पेरणीसाठी उपयोग

सरासरी पावसावरून पेरणी ठरत नाही. पाऊस कोणत्या आठवड्यात किती खात्रीने पडतो, ते महत्त्वाचे. समजा, आपल्या गावाच्या ३० वर्षांच्या दैनिक नोंदी हाती आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात किमान २० मि.मी. पाऊस २१ वर्षी झाला असेल, तर त्याची शक्यता ७० टक्के. याच रीतीने ऑगस्टमध्ये सलग दोन आठवडे उघडीप किती वर्षी पडली, तेही मोजता येते. त्यावरून कमी मुदतीचे वाण, आंतरपीक आणि शेततळ्यातून द्यावयाचे संरक्षित पाणी यांचा निर्णय घेणे सोपे जाते. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रांचा उपयोग आहेच. परंतु त्यांच्या नोंदी अलीकडच्या आहेत. जुन्या नोंदींची जोड मिळाली, तरच त्यांतून दीर्घकालीन निष्कर्ष निघेल.

आपण काय करावे?

घरातील जुन्या वह्या, रोजनिशा, सोसायटी किंवा शाळेतील पावसाची रजिस्टरे रद्दीत घालू नयेत. वाळवीपासून जपावीत. प्रत्येक पानाचे उजेडात छायाचित्र घ्यावे आणि गाव, वर्ष व नोंद करणाऱ्याची माहिती सोबत ठेवावी. मूळ वही छायाचित्रानंतरही सांभाळावी. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास किंवा कृषी विद्यापीठातील कृषी हवामानशास्त्र विभागास ती दाखवावी.

तसेच शेतात साधे पर्जन्यमापक मोकळ्या जागी, जवळच्या झाडाच्या वा घराच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बसवावे. रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजून तारखेसह लिहावा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. आपण आज लिहिलेली वही ३० वर्षांनी आपल्याच मुलांना पेरणीची तारीख ठरविण्यास उपयोगी पडेल.