एक तार, घरभर संगणक!

बालमित्रांनो, मे महिन्यात वेळणेश्वरच्या आजोळी सगळी भावंडं जमली, की घराचा पत्ता सर्वांना एकच : मु. पो. वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी. पोस्टमन सगळी पत्रं ओटीवर देतो आणि आजी नाव पाहून ज्याची त्याला वाटते.

घरातलं इंटरनेटही अगदी असंच चालतं बरं का! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवर सहसा एकच संगणक जोडलेला असे. आता राऊटर नावाची छोटीशी पेटी आजीचं काम करते. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र प्रत्येक संगणकाला वेगळा क्रमांक, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. कोणी काय मागवलं, याची राऊटर नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्यालाच पोचवतो. या युक्तीचा आराखडा १९९४ साली प्रसिद्ध झाला. कारण? तेव्हाच्या पद्धतीत साऱ्या जगासाठी पत्ते होते जेमतेम ४२९ कोटी!

पण एक मेख आहे. जोडणी वाटली, की वेगही वाटला जातो. दादा सिनेमा उतरवत बसला, तर ताईचा कॉलेजप्रवेशाचा अर्ज रखडलाच म्हणून समजा. आणि शेवटची तारीख काही थांबत नाही! फणसाचे गरे कसे सगळ्यांना पुरवून खायचे, तसंच हे.

मग मोजा पाहू, तुमच्या घरी एका जोडणीवर किती यंत्रं आहेत? आई-बाबांचे मोबाइलही धरा हं!