साडेचौतीस तासांचा दिवस

परवा भाच्याला शिकायला अमेरिकेला जाताना मुंबई विमानतळावर सोडून आले आणि माझा पहिला प्रवास आठवला. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो, पुढे छोट्या विमानाने मॅडिसन. ऑगस्टमध्ये शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणून तारीख तीच राहते आणि दिवस चक्क साडेचौतीस तासांचा होतो!

माझी फजिती शिकागोत झाली. बॅगांवर मॅडिसनचा टॅग होता, त्यामुळे मी निर्धास्त. पण अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं. मग बहुतेक वेळा बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा जमा करायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत सुरक्षा तपासणी. दोन तासांत कुठलं जमायला? पुढचं विमान गेलं. तिथे तीन-चार तास हाताशी ठेवाच.

आय-२० (विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, पॉवर बँकही तिथेच. आईच्या हातचं कैरीचं लोणचं मात्र चेक-इनमध्ये, कारण तपासणीत ते द्रवपदार्थात धरतात. खाण्याचं काय आणलंय ते कस्टम्सला खरं सांगायचं. लपवलं तर दंड.

कोणी निघालं असेल तर कमेंटमध्ये मार्ग लिहा, माहीत असेल ते सांगते.