शेवटच्या सूरा, पहिला धडा

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे परिसरात आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्याला लागून. डोंबिवलीच्या मानपाड्याहून शीळफाटा गाठला की पुढे मुंब्रा-कौसा, उलट दिशेला कल्याण. या टापूतल्या अनेक मुस्लिम घरांत मुलांचा दिवस शाळा सुटली तरी संपत नाही. दप्तर ठेवायचे, वजू (प्रार्थनेपूर्वीची शुद्धी) करायची, डोक्यावर टोपी किंवा ओढणी घ्यायची आणि मक्तब, म्हणजे धार्मिक शिक्षणाची शाळा, गाठायचे. तिथे रेहलवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या घडवंचीवर, नूरानी कायदा हे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक उघडते, कालचा सबक (धडा) म्हणून दाखवावा लागतो आणि मग नवा मिळतो. कायदा हातावेगळा होण्याआधीच लहान सूरा (अध्याय) ऐकून ऐकून पाठ होऊ लागतात. त्यांत कुरआनच्या 114 सूरांपैकी अगदी शेवटच्या दोन असतात, फलक आणि नास. ग्रंथाचा शेवट असा मुलांच्या शिक्षणाच्या आरंभी येतो. या दोन्ही सूरांचा विषय एकच, अल्लाहकडे रक्षण मागणे. कोवळ्या वयात मुलांना संकटांची यादी का पाठ करायला लावायची, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या यादीतच सापडते. रक्षणाची दुआ, म्हणजे प्रार्थना, नीट शिकवली तर ती मुलाला भित्रे करत नाही; कशाला भ्यावे आणि स्वतःमधल्या कशाला आवरावे, याचा विवेक देते.

आधी शिकवण्याची रीत पाहू. फलकच्या पाचही आयती (वचने) ज्या अक्षरांवर थांबतात, त्या अक्षरांचा उच्चार करताना आवाज किंचित आपटून उसळतो. अरबी उच्चारशास्त्रात त्याला कलकला म्हणतात. त्यातला ‘क’ जिभेच्या मुळाशी, पडजिभेजवळ निघतो. मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाची जीभ तिथे सहज जात नाही, म्हणून उस्ताद किंवा आपा स्वतः म्हणून दाखवतात आणि मुलाकडून तो पुन्हा पुन्हा घोटून घेतात. नासच्या सहाही आयती मात्र ‘स’वर संपतात, जणू कुणी कानाशी कुजबुजते आहे. या सूरेचा विषयही कुजबुज हाच आहे, माणसाच्या मनात वाईट विचार पेरणारी आणि देवाचे नाव घेताच मागे सरणारी. दोन्ही सूरांच्या मांडणीतला फरक मुलांनाही समजावून देता येतो. फलकमध्ये अल्लाहचे एकच विशेषण येते, पहाटेचा स्वामी. त्याच्या आधाराने चार गोष्टींपासून रक्षण मागितले जाते: निर्मिलेल्या जिवांचा उपद्रव, दाटून आलेला अंधार, गाठींवर फुंकर घालणारे जादूटोणे आणि हेवा करणाऱ्याचा हेवा. नासमध्ये प्रमाण उलटते. संकट एकच, मनातली कुजबुज. पण तिच्यासाठी अल्लाहला माणसांचा पालनकर्ता, राजा आणि उपास्य अशा तीन नावांनी साद घातली जाते. बाहेरच्या चार संकटांना एक नाव पुरते आणि आतल्या एका संकटाला तीन लागतात. आतला शत्रू अधिक अवघड, हे याहून थोडक्यात मुलाला सांगता येणार नाही.

हदीसमधल्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींतल्या, दुआ हाच धागा पुढे नेतात. बुखारीच्या संग्रहातल्या एका दुआत पैगंबर चिंता आणि दुःखापासून, दुबळेपणा आणि आळसापासून, कंजूषपणा आणि भ्याडपणापासून, कर्जाच्या ओझ्यापासून आणि माणसांच्या दडपशाहीपासून आश्रय मागतात. या यादीत भुतेखेते नाहीत. निम्म्या गोष्टी आपल्याच स्वभावातल्या आहेत आणि शेवटच्या दोन समाजातल्या अन्यायाच्या. घराबाहेर पडताना म्हणायची एक दुआ अबू दाऊदच्या संग्रहात उम्मे सलमा यांच्याकडून आली आहे. माझ्यावर जुलूम होऊ नये, एवढेच ती मागत नाही. माझ्या हातूनही कुणावर जुलूम होऊ नये, असेही मागते. उंबरठा ओलांडताना हे म्हणणारे मूल स्वतःलाही संभाव्य धोक्यांत मोजायला शिकते. अशा शिक्षणातून परक्यांचा संशय वाढतो, या आक्षेपाला ही एक दुआ पुरेसे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप भीतीचा. पण मुलांना भीती दुआ शिकवते का? अंधाराची भीती दुआच्या आधीपासून असते. दुआ तिला नाव देते आणि लगेच तिच्यावरचा आधारही दाखवते. डोंबिवलीतल्या मराठी घरांना हे परके वाटायचे कारण नाही. दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ रामरक्षा म्हणणाऱ्या घरांत बुधकौशिक ऋषींच्या नावावरचे ते स्तोत्र मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागते. तिन्हीसांजेला मुलांना घरात घ्या, असे हदीसही सांगते आणि आपल्या आज्याही सांगत आल्या. झोपण्यापूर्वी या सूरा म्हणून तळहातांवर फुंकर घालायची आणि ते हात अंगावरून फिरवायचे, ही पैगंबरांची रीत मुस्लिम घरांत आजही पाळली जाते. आईचा हात, ओळखीचे शब्द, मग झोप. यात धाक कुठे दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. देवावर भार टाकला की माणूस हातपाय हलवायचे थांबतो, असे म्हणतात. इथे उंटाची प्रसिद्ध हदीस शिकवायलाच हवी: उंट बांधावा की अल्लाहवर सोडावा, या प्रश्नावर पैगंबरांनी आधी बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितले. मानपाड्याहून ज्या शीळफाट्याकडे रस्ता जातो, तिथे 4 एप्रिल 2013 रोजी एक बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. त्या मृत्यूंचा संबंध कुणाच्या प्रार्थनेत राहिलेल्या त्रुटीशी जोडणे क्रूर ठरेल. ती माणसांनी केलेली हयगय होती. जुलूम होऊ नये आणि माझ्याकडूनही होऊ नये, असे रोज मागणाऱ्या मुलाने मोठेपणी बांधकाम व्यावसायिक, अभियंता किंवा पालिकेतला अधिकारी झाल्यावर त्या शब्दांना जागावे, हाच त्या दुआचा खरा कस आहे. ताप आला तर आधी दवाखाना, सोबत दुआ. आजारावर उतारा म्हणून पैसे घेऊन गंडे बांधणारा भोंदू या शिकवणीचा वारस नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असल्या फसवणुकीला आळा घालतो, प्रार्थनेला नाही. हा फरक मक्तबातच सांगितला तर मूल पुढे फसणार नाही.

उरतो पाठांतराचा आक्षेप, आणि तो मान्यच करावा लागतो. मखरज, म्हणजे अक्षरांचे उच्चारस्थान, अचूक साधले, आयती तोंडपाठ झाल्या, पण कशापासून रक्षण मागितले हे मुलाला ठाऊक नाही, असे पुष्कळदा होते. पाठांतर निरुपयोगी नाही. आठव्या वर्षी मुखात बसलेले शब्द चाळिसाव्या वर्षी संकटात आपसूक ओठांवर येतात. पण अर्थ नसेल तर विवेकाचा भाग गळून जातो आणि उरतो तो फक्त मंतरलेला शब्द. कल्याण आणि भिवंडीच्या जुन्या कोकणी मुस्लिम घरांत मराठीच्या वळणाची बोली बोलली जाते. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुस्लिम मुलांना तर मराठीतला अर्थ उर्दूपेक्षा चटकन उमगतो. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. तेव्हा सबक संपताना पाच मिनिटे मुलाच्या बोलीत अर्थ सांगायला ना पैसा लागतो, ना परवानगी.

म्हणून पालकांना आणि शिकवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. सूरा पाठ झाली का, हे जरूर विचारा. पण त्यानंतर मुलाला जवळ घेऊन आणखी एक प्रश्न विचारा: आज तू कशापासून रक्षण मागितलेस, आणि तुझ्यापासून कुणाला रक्षण हवे आहे का?