पेनड्राइव्हवरील लिनक्स आणि पेढीची खतावणी

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आमच्या पेढीवरील जुना संगणक एकाएकी पोरका झाला. यंत्र धडधाकट होते. केवळ विंडोज ११ च्या अटींत ते बसत नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, यावर लिनक्स मिंट बसवू."

पहिल्याच पायरीला ठेच लागली. उतरवून घेतलेली आयएसओ फाईल त्याने एखाद्या छायाचित्रासारखी पेनड्राइव्हवर नुसती ठेवली होती. अशाने संगणक त्यावरून सुरू होत नाही. रुफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती ड्राइव्हवर लिहावी लागते. तत्पूर्वी फाईलचा शा-२५६ आकडा संकेतस्थळावरील आकड्याशी ताडावा. रोजमेळात पैशाचाही फरक आपण सोडत नाही; येथेही एक अक्षर चुकले तर फाईल पुन्हा उतरवावी.

पुढे सुरुवातीलाच एफ१२ दाबून (ही कळ कंपनीगणिक निराळी) यूएसबी निवडली. मिंटची खूण उमटली आणि पडदा काळा झाला. येथे पुष्कळ जण यंत्राला दोष देऊन उठतात. अडचण बहुधा ग्राफिक्सची असते. आरंभीच्या यादीतील 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडताच आमचा पडदा उजळला. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मिंटला त्याची सहसा गरज नसते, आणि डिस्कवर बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाती असल्यावाचून त्या खटपटीत पडू नये.

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. प्रिंटर, वायफाय तपासले. मग 'इरेज डिस्क' हा पर्याय समोर आला, तेव्हा मी सहज विचारले, "हिशेबांची प्रत कुठे आहे?"

पुतण्याचा चेहरा उतरला. प्रत ज्या पेनड्राइव्हवर होती, तोच त्याने मिंटसाठी वापरला होता. आणि रुफस ड्राइव्हवरचे सारे आधी पुसून टाकते. नऊ वर्षांची खतावणी आता फक्त त्या डिस्कवर उरली होती, जी आम्ही पुसायला निघालो होतो!

सुदैवाने त्याच चालू मिंटमधून विंडोजची डिस्क उघडता आली. दोन बाह्य डिस्कांवर प्रती घेतल्या, धाकट्या भावाच्या संगणकावर त्या उघडून शिल्लक ताडली, आणि मगच ते बटण दाबले. हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे, म्हणून ते भावाकडे राहिले. जुना संगणक आता गोदामात आवक-जावक टिपतो.