डिस्कव्हरीची दुरुस्ती

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी जे राहतात, त्यांना आषाढ-श्रावणात आपल्या चीजवस्तूंचा बंदोबस्त किती दक्षतेने करावा लागतो, याची कल्पना रविवारी चौपाटीवर कणीस आणि भजी खाण्यासाठी पुण्याहून येणाऱ्या मंडळींना सहसा नसते. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना, चामडी पट्ट्यांना, कॅमेऱ्याच्या भिंगांना जशी बुरशी धरते तशीच ती व्हिडिओ कॅसेटलाही धरते. आणि तिची पहिली खूण म्हणजे कॅसेटच्या लहानशा खिडकीतून दिसणाऱ्या काळ्याभोर रिळाच्या कडेवर उमटलेली पांढुरकी, पिठूळ वर्तुळे. माझ्या संग्रही असलेल्या '२०१०' या चित्रपटाच्या कॅसेटवर ती यंदा उमटली, आणि चित्रपट पुन्हा पाहावयाचा तर आधी डागडुजी करणे प्राप्त झाले.

पीटर हाइम्स यांचा हा चित्रपट १९८४ सालचा. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ मधील '२००१ : अ स्पेस ओडिसी' या युगप्रवर्तक कलाकृतीचा हा उत्तरभाग, आणि आर्थर क्लार्क यांच्या १९८२ मधील कादंबरीवर तो आधारलेला असल्यामुळे, लॉस एंजेलिसमधील दिग्दर्शक आणि कोलंबोतील लेखक यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून संगणकांद्वारे नित्य पत्रव्यवहार चालत असे, ही त्या काळी मोठ्या अपूर्वाईची गोष्ट होती. पहिला चित्रपट काव्य आणि दुसरा केवळ गद्य, असा निवाडा रसिकांनी फार पूर्वीच देऊन टाकला आहे. तो निवाडा मला मान्य आहे. मात्र गद्य हा काही दोष नव्हे, एवढीच माझी पुरवणी.

कॅसेट साफ करण्याचे काम चिकाटीचे आहे. ते उघड्या हवेत, नाकातोंडाला फडके बांधून करावे; कारण बुरशीची ती भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते, आणि अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर ते यंत्र पुढच्या प्रत्येक कॅसेटला तोच संसर्ग देत राहते. पालथ्या बाजूचे पाच स्क्रू काढून कवच अलगद उचलले, की आतील दोन रिळे, मार्गदर्शक खुंट्या आणि नखाएवढ्या स्प्रिंगा यांची जागा मनात नीट नोंदवून घ्यावी, आणि मग अर्धा इंच रुंदीची ती फीत, धागे न सुटणाऱ्या मऊ कोरड्या फडक्याच्या चिमटीतून, एका रिळावरून दुसऱ्यावर हाताने सावकाश गुंडाळीत न्यावी. घाई केली तर फीत ताणली जाते, आणि ताणलेल्या फितीवरील चित्र कोणत्याही उपायाने सरळ होत नाही. व्हीसीआरचे हेड साफ करण्याची रीत याहून नाजूक: पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल कागदाच्या घडीला लावून ती घडी हेड ज्यावर बसवलेले असते त्या पिंपावर स्थिर धरावी आणि पिंप हाताने आडवे फिरवावे, घडी वरखाली घासणाऱ्याने नव्या हेडच्या खर्चाची तजवीज अगोदरच करून ठेवावी.

एवढे सोपस्कार झाल्यावरही यंत्र राजी होईलच असे नाही. पिंपावर दव साठले असल्यास यंत्रातील एक संवेदक सारे काम थांबवून ठेवतो, आणि मुठा नदीत विसर्ग चालू असलेल्या दिवसांत आमच्याकडील हवा त्या संवेदकाची खातरजमा लवकर होऊ देत नाही. अखेर ते पिंप मिनिटास १५०० फेऱ्यांच्या गतीने फिरू लागते, ट्रॅकिंगची कळ डावी-उजवीकडे फिरवताना पडद्याच्या तळाशी थरथरणारी पांढरी पट्टी हळूहळू ओसरते, आणि चित्रपट सुरू होतो. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चौकटींनी चालणारी फिल्म आपल्याकडील दूरदर्शन पद्धतीत २५ चौकटींनी धावत असल्यामुळे ११६ मिनिटांचा चित्रपट सुमारे १११ मिनिटांत संपतो, आणि पात्रांचे आवाज किंचित वर चढतात. हॅल या संगणकाचा डग्लस रेन यांनी दिलेला तो शांत, मार्दवयुक्त स्वर माझ्या कानी कायमचा जरा बारीकच बसला आहे.

या चित्रपटाचा खरा विषय दुरुस्ती हा आहे. नऊ वर्षे बेवारस राहिलेले 'डिस्कव्हरी' हे यान गुरूच्या आयो या ज्वालामुखी उपग्रहाजवळ गोते खात फिरत आहे, त्यावर गंधकाची पिवळी धूळ साचली आहे, आणि रशियन 'लिओनॉव्ह' यानातून आलेला अमेरिकी अभियंता कर्नो भयाने धापा टाकीत, एका रशियन सोबत्याच्या आधाराने, अंतराळातून त्या मृत यानाकडे सरकतो. जॉन लिथगो यांनी वठवलेली ती भीती मला कोणत्याही पराक्रमाहून अधिक विश्वसनीय वाटते. व्हीएचएस पद्धतीत रंगाचा तपशील फारच तोकडा असल्यामुळे तो पिवळा रंग यानाच्या कडांबाहेर ओघळतो, आणि मी तेथे हटकून फीत थांबवतो, मागे घेतो, पुन्हा पाहतो. कारण पहिल्या चित्रपटातील यानाच्या प्रतिकृती कुब्रिक यांच्या हुकुमावरून नष्ट झालेल्या असल्यामुळे हे यान कारागिरांना जुन्या चित्रपटाच्या चौकटी न्याहाळून पुन्हा घडवावे लागले होते. विराट पडद्यावर दिपून जाण्यासाठी पहिला भाग आहे. असे थांबत, मागे वळत पाहण्यासाठी दुसरा.

'डिस्कव्हरी'वरील हॅल संगणकाला पुन्हा जागे करणारा डॉ. चंद्रा हा क्लार्क यांच्या कादंबरीत भारतीय आहे. चित्रपटात बॉब बालाबन या अमेरिकी नटाने ती भूमिका केली आहे, आणि उत्तम केली आहे. तरी एवढा एक भारतीय तेवढा गाळला गेला, ही रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही. हॅलने पहिल्या चित्रपटात माणसे का मारली याची चंद्राने केलेली रुजुवात मात्र कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही तत्काळ पटावी: माहिती अचूक द्यावी हा त्याचा मूळ धर्म, आणि मोहिमेचा हेतू लपवावा हे वरून आलेले फर्मान, दोन्ही पाळता पाळता बिचारा भ्रमिष्ट झाला.

गुरूच्या ढगांची दृश्ये आली, की मला आमच्या शेजारच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची आठवण होते. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या कामासाठी सुरू केलेल्या आणि १९३६ पासून केंद्र सरकारकडे असलेल्या या संस्थेत बंदरांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृतींत पाणी सोडून त्याचे वर्तन अभ्यासले जाते. शंभरपट लहान प्रतिकृतीत काळ दहापट भरभर चालतो, म्हणजे साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे चक्र सव्वा तासात आटोपते. आणि चित्रपटातील तंत्रज्ञ हौदातील लहान जहाज मोठे भासावे म्हणून कॅमेरा ज्या हिशेबाने अधिक वेगाने चालवतात, तो हिशेबही हाच वर्गमुळाचा. हाइम्स यांच्या मंडळींनी मात्र गुरूसाठी हौद वापरला नाही. व्हॉयेजर यानांनी १९७९ साली पाठवलेल्या छायाचित्रांचा आधार घेऊन, क्रे एक्स-एमपी या महासंगणकावर द्रवगतिशास्त्राच्या समीकरणांनी त्यांनी ते ढग वाहते केले. माझ्या दूरदर्शन संचावर त्या भोवऱ्यांचे बारीक धागे विरघळून जातात, रुंद पडद्याचा दोन पंचमांशांहून अधिक भाग चौकोनी काचेत मावेना म्हणून छाटला गेला आहे. तरीही तो प्रवाह खोटा वाटत नाही.

व्हीसीआर बनवणारी जगातील अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. चित्रपटांच्या मूळ फिल्मची काळजी वाहण्यास पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि '२०१०' तर आता चकतीवर अखंड रुंदीत मिळतो. परंतु घरोघरच्या माळ्यांवर लग्नामुंजींच्या ज्या कॅसेटी पडून आहेत, त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. वाचकांपैकी ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत त्या खाली काढाव्यात, खिडकीतून रिळाची कड तपासावी, बुरशी दिसल्यास ती काढल्याशिवाय कॅसेटी यंत्रात घालू नयेत, आणि चालू स्थितीतील यंत्र व ते हाताळणारा कारागीर गावात आहे तोवर त्यांच्या अंकीय प्रती करून घ्याव्यात.