अकरा दिवसांची गुलाबी जर्सी

३१ मे २०२५ च्या सकाळी इटलीतल्या वेर्रेस गावातून 'जिरो द'इटालिया'चा विसावा टप्पा सुटला, तेव्हा हिशेब अगदी सोपा होता. अंगावर आघाडीवीराची गुलाबी जर्सी असलेला मेक्सिकोचा इसाक देल तोरो पहिला. इक्वेडोरचा रिचर्ड कारापास त्याच्या मागे ४३ सेकंदांवर. इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांवर. अल्बानियात ९ मे रोजी सुरू झालेली, तीन हजार किलोमीटरहून लांब अशी ही शर्यत, आणि तिचा निकाल आता एका डोंगरावर येऊन ठेपला होता. दुसऱ्या दिवशीचा रोममधला टप्पा सपाट रस्त्याचा. तिथे पहिल्या क्रमांकाला सहसा कुणी हात लावत नाही.

देल तोरो तेव्हा साडेएकवीस वर्षांचा होता. जिरो जिंकणारा सर्वांत तरुण सायकलपटू म्हणजे फाउस्टो कॉप्पी. १९४० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी त्याने ही शर्यत जिंकली. दरवर्षी जिरोच्या मार्गावर जी सर्वांत उंच खिंड असते तिला कॉप्पीचंच नाव देतात. २०२५ मध्ये तो मान कोल्ले देल्ले फिनेस्त्रेला होता. उंची २,१७८ मीटर, चढ साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त, आणि शेवटचे आठ किलोमीटर डांबराविना, खडी-मातीचे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी तोच घाट कितीतरी लांब आणि उभा करून, वरचा भाग कच्चा करून डोळ्यांपुढे आणावा.

चढाच्या पायथ्याशीच कारापासच्या संघाने वेग इतका वाढवला की घोळका फाटला. कारापास निसटू पाहत होता, देल तोरो त्याच्या मागच्या चाकाला चिकटला. इथवर सगळं योग्यच होतं. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस पळाला तर पहिल्याने त्याला सोडायचं नसतं. मग मागून आपल्या लयीत येट्स आला, दोघांना गाठलं आणि पुढे निघाला. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी तो गेला तो गेलाच. कारापासला वाटत होतं की येट्सला पकडण्याचं काम गुलाबी जर्सीवाल्याचं आहे. देल तोरोला वाटत होतं की आपण जोर लावला तर मागे बसून आलेला कारापास माथ्याजवळ आपल्याला सोडून जाईल. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले, आणि खिंडीच्या माथ्यावर येट्स दीड मिनिटाहून जास्त पुढे होता. म्हणजे जर्सी त्या क्षणी, कागदावर, त्याची झाली होती.

तरीही शर्यत संपलेली नव्हती. फिनेस्त्रे उतरल्यावर सेस्त्रिएरेच्या अंतिम रेषेपर्यंतचा रस्ता बराच सौम्य चढाचा आहे. नऊ टक्क्यांच्या चढावर वेगच कमी असतो, तिथे पुढच्याच्या आडोशाचा फायदा थोडा. सौम्य चढावर, वेग वाढला की वारा कापणारा आणि त्याच्या मागे बसणारा यांच्या कष्टांत मोठा फरक पडतो. येट्सच्या संघाने हे ओळखून सकाळीच वाउट फान आर्टला पुढच्या तुकडीत धाडून ठेवलं होतं. फान आर्ट हा डोंगरातला माणूस नव्हे, पण सपाटीवर आणि सौम्य चढावर त्याच्यासारखा ओढणारा दुसरा मिळणं कठीण. तो खाली थांबला, येट्सला मागे घेतलं आणि ओढत राहिला. मागे दोन एकटे, परस्परांवर अविश्वास असलेले. पुढे दोन एकाच संघाचे. टप्पा आधीच पुढे गेलेल्या क्रिस हार्परने जिंकला. देल तोरोने त्या एका दुपारी येट्सकडे पाच मिनिटांहून अधिक वेळ गमावला. अंतिम यादीत येट्स पहिला, देल तोरो ३ मिनिटे ५६ सेकंदांनी दुसरा, कारापास ४ मिनिटे ४३ सेकंदांनी तिसरा.

त्या संध्याकाळपासून चर्चा एकच: चूक कुणाची? माझं मत स्पष्ट आहे. कारापासला दोष देता येत नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरण्याची भीती त्याला फारशी नव्हती, त्याला पहिलं व्हायचं होतं. गंमत नव्हे, इतिहास म्हणून सांगतो: २०१९ चा जिरो याच कारापासने जिंकला तेव्हा रोगलिच आणि निबाली हे दोन मोठे दावेदार एकमेकांवर नजर ठेवून बसले होते आणि हा मधल्या मध्ये निसटला होता. हा डाव कसा साधतो हे त्याला स्वतःच्या विजयातून ठाऊक होतं. गुलाबी जर्सी ज्याच्या अंगावर, पाठलागाची जबाबदारीही त्याच्यावर. देल तोरोने दुसऱ्याला अडवलं आणि तिसऱ्याला विसरला. पण एकवीस वर्षांच्या मुलाला ऐन चढावर, दम लागलेला असताना, हा हिशेब मांडून देण्याचं काम संघाच्या मोटारीत बसलेल्या अनुभवी लोकांचं असतं. पायांत ताकद असताना ही शर्यत गेली, आणि म्हणून तिचा दोष मी पायांना देत नाही, निर्णयाला देतो.

येट्सचंही सांगायला हवं. २०१८ मध्ये याच फिनेस्त्रेवर, अंगात गुलाबी जर्सी असताना, तो कोसळला होता. क्रिस फ्रूमने ८० किलोमीटर आधीच हल्ला चढवला आणि येट्स त्या दिवशी अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. सात वर्षांनी त्याच खडीवर त्याने जिरो मिळवला. त्याचा जुळा भाऊ ॲडम देल तोरोच्याच संघात होता.

देल तोरो तिथवर आला कसा, हे त्या पराभवाइतकंच समजून घेण्यासारखं आहे. देल तोरोचा जन्म २७ नोव्हेंबर २००३ चा, एन्सेनाडा या बाहा कॅलिफोर्नियातल्या, प्रशांत महासागराकाठच्या बंदराच्या गावचा. मेक्सिकोला सायकलपटूंचं वावडं नव्हतं. राउल अल्कालाने १९८७ मध्ये टूर द फ्रान्समध्ये सर्वोत्तम तरुणाची पांढरी जर्सी मिळवली, पुढे तो दोनदा आठवा आला आणि टप्पेही जिंकला. हुलिओ पेरेस कुआपिओने २००१ आणि २००२ मध्ये जिरोचे डोंगरी टप्पे जिंकले. पण हे एकेकटे उगवले. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी वाट तयार झाली नाही. चांगला मुलगा निघाला की त्याला युरोपात कोण नेणार, कुठे ठेवणार, कोणत्या शर्यतीत उतरवणार, याचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर 'ए. आर. मोनेक्स' या छोट्या संघाने दिलं. मुलं मेक्सिकोची, तळ मात्र इटलीच्या कुशीतल्या सॅन मरिनोत. तिथे मेक्सिकन पोरांनी राहायचं, इटलीच्या शर्यतींत धडपडायचं, घोळक्यात कोपर टेकवून कसं चालवायचं ते शिकायचं. देल तोरो त्याच शाळेतला. २०२३ मध्ये त्याने टूर द लाव्हनिर ही २३ वर्षांखालच्यांची शर्यत जिंकली. तिच्या विजेत्यांत इंदुराइन, किंताना, बर्नाल, पोगाचार आहेत. मेक्सिकोचं नाव त्या यादीत प्रथमच आलं. त्यानंतर 'यूएई टीम एमिरेट्स'ने त्याला घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरच्या दुसऱ्याच टप्प्यात, म्हणजे नव्या संघात पाय ठेवताच, त्याने विजय मिळवला. त्याच वर्षी तिर्रेनो-आद्रियातिकोत तो चौथा आला.

तरीही २०२५ च्या जिरोला तो नेता म्हणून आला नव्हता. संघाच्या यादीत हुआन आयुसो आणि ॲडम येट्स पुढे होते. मार्चमध्ये मिलान-तोरिनो शर्यत सुपेर्गाच्या चढावर त्याने जिंकली होती, एवढीच त्याची पाटी. नवव्या टप्प्याने सगळं उलटंपालटं केलं. सिएनाच्या आसपासच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर रोगलिच अडकला, आयुसो मागे राहिला आणि पुढच्या तुकडीत फान आर्टबरोबर देल तोरो उरला. पियाझ्झा देल काम्पोच्या चिंचोळ्या वळणांवर फान आर्टने टप्पा मारला, पण एकूण वेळेत देल तोरो पहिला झाला. गुलाबी जर्सी घालणारा पहिला मेक्सिकन. सिएनात ज्याने त्याला हरवलं, तोच तेरा दिवसांनी सेस्त्रिएरेच्या रस्त्यावर येट्सला ओढत होता.

पुढचे शर्यतीचे अकरा दिवस ती जर्सी त्याच्याकडे राहिली. पिसाच्या वैयक्तिक वेळ-शर्यतीत तो तगला. सोळाव्या टप्प्यात सान व्हालेन्तिनोच्या चढावर मात्र दमला. कारापास आणि येट्स जवळ आले, आणि अनेकांनी याची हवा गेली असं ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी मोर्तिरोलो ओलांडून बोर्मिओत तो जिंकला. उतारावर वेग ठेवला आणि शेवटी एकट्याने पुढे निघाला. जिरोत मेक्सिकन सायकलपटूने टप्पा जिंकला तो पेरेस कुआपिओनंतर तब्बल तेवीस वर्षांनी. मला त्याच्या हंगामातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटतो. तीन आठवड्यांच्या शर्यतीत वाईट दिवस प्रत्येकाला येतो. दुसऱ्या सकाळी पाय परत येतात की नाही, यावर मोठा सायकलपटू ओळखला जातो.

फिनेस्त्रेनंतर तो खचला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. उलट जुलैत त्याने टूर ऑफ ऑस्ट्रिया जिंकली, ऑगस्टमध्ये व्हुएल्टा आ बुर्गोस. सप्टेंबरअखेर रुवांडातल्या किगाली इथे, आफ्रिकेत प्रथमच झालेल्या जागतिक स्पर्धेत, पोगाचारने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर बाकी असताना हल्ला केला तेव्हा त्याच्या सोबत टिकला तो देल तोरो. पुढे त्याचा जोर ओसरला आणि तो सातवा आला. ४ ऑक्टोबरला जिरो देल'एमिलियात सान लुकाच्या उभ्या चढावर पुन्हा तोच पहिला.

आता पुढे काय? त्याच्या अंगात काय आहे ते दिसलं आहे: छोट्या उभ्या चढावरचा स्फोटक वेग, उतारावरचा धीटपणा, बऱ्यापैकी वेळ-शर्यत. उंच डोंगरात, तिसऱ्या आठवड्यात, तास-तासभराच्या चढावर तो अजून पोगाचारच्या किंवा विंगेगार्डच्या पंगतीला बसलेला नाही. ते वयाने येऊ शकतं. अडचण दुसरीच आहे. २०२५ पर्यंत चार टूर द फ्रान्स जिंकलेला पोगाचार त्याच्याच संघात आहे आणि अजून तिशीच्या आत आहे. पोर्तुगालचा अल्मेइदाही तिथेच आहे. आयुसो दुसऱ्या संघात गेला, त्यामुळे एक जागा मोकळी झाली खरी. पण श्रीमंत संघात उत्तम मदतनीस होऊन चार-पाच वर्षं सरतात आणि नंतर नेता व्हायची वेळ निघून गेलेली असते, असं या खेळात अनेकदा घडलं आहे. देल तोरोला दरवर्षी एक मोठी शर्यत स्वतःच्या नावाने मिळायला हवी. ती जिरो किंवा स्पेनची व्हुएल्टा असेल तर तो ती तीन वर्षांत जिंकेल, असं मला वाटतं. टूरसाठी त्याला थांबावं लागेल.

अर्थात भाकितं करताना एगान बर्नालला विसरू नये. बाविसाव्या वर्षी, २०१९ मध्ये त्याने टूर जिंकली, २०२१ मध्ये जिरो. पुढची दहा वर्षं त्याचीच असं जग म्हणत होतं. जानेवारी २०२२ मध्ये कोलंबियात सराव करताना तो उभ्या बसवर आदळला, हाडं मोडली, जीव वाचला हेच खूप. तो परतला, पण ते शिखर परत आलेलं नाही.

मेक्सिकोची ही गोष्ट मराठी वाचकांसमोर मांडण्यामागे एक कारण आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची, २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची शर्यत झाली. दर्जा तळाच्या पायरीचा, पण पोगाचारच्या घोळक्यात पोचणारी पोरं अशाच पायऱ्यांवरून वर चढतात. एक शर्यत भरवून आपला देल तोरो तयार होणार नाही, हे आयोजकांनी आणि भारतीय सायकल महासंघाने मान्य करावं. युरोपात तळ ठोकून आपल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना तिथल्या शर्यतींत उतरवणारा 'मोनेक्स'सारखा संघ उभा राहिला तरच पुण्यातल्या पाच दिवसांना पुढे अर्थ राहील, आणि त्यासाठी पैसा लावणारं कुणीतरी आत्ताच पुढे यायला हवं. तोवर, अशी शर्यत पुन्हा भरली की, पुणे जिल्ह्यातल्या वाचकांनी एक सकाळ राखून ठेवावी, घाटाच्या चढावर जाऊन उभं राहावं, आणि जिंकणाऱ्याबरोबर विशीतल्या मुलांचीही नावं टिपून घ्यावीत.